नसलेल्या नगरीचं घराणं

डार्कन राज्याची राजधानी इल अलुक. तिचा राजा अझालिन हा मरूनही न मेलेला मांत्रिक. त्याला आपल्या हद्दीबाहेर पाऊल टाकता येत नाही, कारण सीमेवर धुकं आहे आणि ते त्याला सोडत नाही. या कैदेतून सुटण्यासाठी त्यानं एक यंत्र चालवलं, ते उलटलं आणि क्षणात सगळी नगरी मेली. मग मेलेले उठले आणि आपापल्या गल्ल्यांतून पुन्हा फिरू लागले. ही कथा ‘रेव्हनलॉफ्ट’ या अमेरिकी रोल-प्लेइंग गेमच्या दुनियेतली आहे. इल अलुकचा हा शेवट १९९६ साली खेळाच्या एका संचात छापला गेला.

हे खेळ टेबलाभोवती बसून खेळतात. एक जण नगरीचं वर्णन करतो, बाकीचे तिथले प्रवासी होतात, काय करायचं ते सांगतात आणि फासे टाकून निकाल लावतात. मराठी मुलंही आता हे खेळ खेळतात आणि मोठ्यांना वाटतं, हे सगळं परकं खूळ आहे. मला तसं वाटत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत उभं राहून मागं पाहिलं, तर अशा अंधाऱ्या, शापित, नसलेल्या नगरीची आपल्याकडे चांगली लांब वंशावळ सापडते. ती इथल्या बोलीतून, कादंबरीतून, नाटकाच्या पडद्यातून आणि सिनेमाच्या सेटमधून थेट त्या टेबलापर्यंत येते.

कहाणीतलं नगर

आपली पहिली कल्पित नगरी म्हणजे कहाण्यांतलं आटपाट नगर. त्याला वेस किती, रस्ते किती, राजवाडा कुठल्या दिशेला, काही सांगितलेलं नसतं. नगर होतं, तिथं एक राजा होता, एवढं म्हटलं की ऐकणारा आपल्या गावची वेस आणि आपल्या गावचा पार तिथं नेऊन बसवतो. कहाणीची सगळी ताकद या मोकळ्या जागेत आहे.

लोककथांत तिची काळी बहीणही भेटते. राजपुत्र फिरत फिरत एका नगरीत येतो. दुकानं उघडी, माल मांडलेला, पण माणूस नाही. राक्षसानं सगळी नगरी खाल्लेली असते आणि वाड्याच्या वरच्या मजल्यावर एकटी राजकन्या उरलेली असते. इल अलुक ऐकून ज्यांना नवल वाटतं, त्यांनी ही ओसाड नगरी आठवावी. मेलेल्या शहरात जिवंत माणसानं शिरायचं आणि तिथल्या पापाचं मूळ शोधायचं, हा डाव आजीच्या तोंडी आधीपासून होता.

युरोपात याच भीतीला छापील रूप मिळालं ते १७६४ साली. होरेस वॉलपोलनं ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ लिहिली आणि ती जुन्या इटालियन हस्तलिखिताचं भाषांतर असल्याची बतावणी केली. पूर्वजानं बळकावलेली गादी, त्या पापाची फळं भोगणारा वंश, भुयारं, बंद दालनं हा सगळा सरंजाम तिथून गॉथिक कादंबरीला मिळाला. मराठी वाचकाला यातलं मूळ तत्त्व समजावून सांगावं लागत नाही. एखाद्याचा तळतळाट घराला लागतो आणि पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही, हे गावोगावच्या वाड्यांबद्दल आपण ऐकत आलो आहोत.

मराठी कादंबरीनंही सुरुवातीलाच हा रस्ता धरला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. राजे, खलपुरुष, अरण्यं, बंदिवास, अद्भुत योगायोग यांची ही दुनिया. पुढच्या समीक्षकांनी या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना वास्तव नसल्याबद्दल झोडपलं. पण नगरी शब्दांनी कशी उभी करायची, याचा सराव मराठी गद्यानं तिथंच केला. मग १८७१ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ येऊ लागली. काळ शिवाजी महाराजांचा, पण गड कल्पित. खऱ्या इतिहासाच्या मधोमध नसलेला किल्ला बांधायची ही युक्ती आजचा खेळ लिहिणाराही वापरतो. दहा गोष्टी खऱ्या असल्या की अकरावी खोटी गोष्ट त्यांच्या जोरावर उभी राहते.

पडदा

शब्दांची नगरी डोळ्यांना दिसू लागली ती संगीत नाटकाच्या पडद्यावर. कंपनीच्या सामानात रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा असायचाच. कोल्हापूरच्या दोन चुलतभावांनी, आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांनी, १९१० च्या सुमारास या कामात मोठं नाव कमावलं. पुढं दोघंही पेंटर याच नावानं ओळखले गेले.

पडदा रंगवणं म्हणजे काय, हे जवळून पाहायला हवं. कापडाचे पन्ने शिवून रंगमंचाएवढा पट करायचा. त्यावर सरसाचा हात द्यायचा, म्हणजे कापड ताणून बसतं आणि रंग पीत नाही. मग कोळशानं क्षितिजाची रेषा आणि तिच्यावरचा एक बिंदू ठरवायचा. रस्त्याच्या दोन्ही कडा, घरांची छपरं, कमानींच्या माथ्यांच्या रेषा, सगळं त्या बिंदूकडे धाव घेतं. जवळचा खांब जाड आणि गडद, लांबचा शिखराचा भाग फिका आणि निळसर. दिवसा उजेडात भडक वाटणारा रंग रात्री बत्तीच्या पिवळ्या उजेडात कसा दिसेल, याचा अंदाज धरूनच तो कालवायचा. इतकं केल्यावर पंधरा-वीस हातांच्या कापडावर कोसभर लांब राजमार्ग दिसू लागतो. नट पडद्याजवळ गेला की मात्र फसगत उघडी पडते, कारण लांबच्या देवळाएवढा तो स्वतःच उंच दिसतो. म्हणून नटानं पुढंच उभं राहायचं.

या चित्रकारांच्या पिढीसमोर खरीखुरी गॉथिक इमारतही उभी होती. कोल्हापूरचा टाउन हॉल १८७० च्या दशकात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर बांधला गेला. टोकदार कमानी, उतरती छपरं, निमुळते मनोरे. आज तिथं वस्तुसंग्रहालय आहे आणि ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेल्या वस्तू तिथं ठेवलेल्या आहेत. इंग्रजी धाटणीचा मनोरा, करवीर संस्थानचा वाडा आणि अंबाबाईच्या देवळाचं काळ्या दगडाचं शिल्पकाम हे सगळं एका शहरात चालत फिरून पाहता येत होतं. कल्पित नगरी रंगवणाऱ्याला याहून चांगली शाळा कुठली?

लाकूड, कापड आणि सावली

आनंदराव १९१६ साली गेले. सिनेमाचा कॅमेरा घडवायचं दोघांनी मनावर घेतलेलं काम बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं १९१८ पर्यंत तडीस नेलं. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशांची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. खरी कॉर्नरवर कॅमेऱ्याचं जे स्मारक आहे, ते याच पराक्रमाचं.

कंपनीचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की लोक हादरले आणि तो भाग पुढं काढावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. आपल्या मागोव्यात मात्र महत्त्वाची गोष्ट वेगळी. ज्या हातांनी उत्तम पडदे रंगवले, त्याच हातांनी सिनेमात पडदा बाजूला सारला. बाबूरावांनी नुसत्या रंगवलेल्या भिंतींऐवजी लांबी, रुंदी, खोली असलेले, नटाला आत शिरून वावरता येईल असे सेट उभारले.

त्याच महिन्यात, २६ फेब्रुवारीला, बर्लिनमध्ये ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ लागला. त्याच्या कलाकारांनी बरोबर उलटी वाट धरली होती. होल्स्टेनवॉल हे त्यातलं गाव त्यांनी मुद्दाम रंगवलेल्या कापडाचंच ठेवलं. वाकड्या खिडक्या, तिरक्या चिमण्या, जमिनीवर रंगानं काढलेल्या सावल्या. वेड्या मनाला जग जसं दिसेल, तसं ते गाव. गॉथिक सिनेमाच्या पुढच्या सगळ्या भयनगरींवर या गावाची छाया आहे. कोल्हापूरचे चित्रकार पडद्यातून घनाकडे निघाले होते, बर्लिनचे चित्रकार घनातून पडद्याकडे. दोघांनाही नसलेलं शहर खरं करायचं होतं. दोन वाटांची गाठ पुढं एका मराठी चित्रपटात पडली.

त्याआधी कोल्हापुरात आणखी एक पिढी तयार झाली. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांना जोडीला घेऊन १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. फत्तेलाल मूळचे कागलचे, आनंदराव-बाबूरावांच्याच तालमीतले. प्रभातच्या नगऱ्या मुख्यतः त्यांच्या हातच्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’साठी अयोध्येचा दरबार, काशीचा बाजार आणि हरिश्चंद्र डोंबाचा चाकर होऊन राखण करतो ते स्मशान, सगळं कोल्हापुरात उभं राहिलं. हा पहिला मराठी बोलपट. त्यातलं स्मशान पाहिलं की कळतं, काळोख कुठं गडद करायचा आणि चितेचा उजेड कुणाच्या चेहऱ्यावर पाडायचा, याची जाण या मंडळींना उपजत होती.

त्याच वर्षीचा ‘माया मच्छिंद्र’ आपल्या विषयाच्या आणखी जवळचा. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमतो, गोरखनाथ त्याला सोडवायला येतो आणि अखेर कळतं की ते राज्य, ती राणी, ते वैभव सगळी गुरूनं रचलेली माया होती. शिष्याची परीक्षा घेण्यासाठी गुरूनं अख्खी नगरी उभी केली आणि परीक्षा संपताच ती मिटवली. दुर्गा खोट्यांची राणी चित्त्याला सोबत घेऊन वावरते, ती प्रतिमा आजही जुन्या छायाचित्रांत दिसते. खेळ चालवणारा टेबलाशी बसून जे करतो, ते नाथकथेतल्या या गुरूनं केव्हाच केलेलं आहे. शिष्य मात्र त्या नगरीत खराच तावून सुलाखून निघतो. नगरी खोटी, अनुभव खरा.

१९३३ साली प्रभात पुण्याला गेली. त्याच वर्षी शांताराम प्रभातच्या नव्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला जाऊन आले आणि १९३४ साली ‘अमृतमंथन’ आला. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा हा चित्रपट म्हणजे मराठी पडद्यावरची पहिली गॉथिक राजधानी, असं मी ठामपणे म्हणेन. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा चंडिकेपुढचे बळी बंद करतो, म्हणून राजगुरू त्याच्या वधाचा कट रचतो. देवीसमोरची काळी सभा, शपथा, मशालींच्या थरथरत्या सावल्या आणि पडदा व्यापून राहणारा राजगुरूचा एक डोळा. मराठी आवृत्तीत हा राजगुरू केशवराव दात्यांनी केला, हिंदीत चंद्रमोहन यांनी. कॅलिगरीच्या सावल्या आणि फत्तेलालांचे भक्कम खांब इथं एकत्र आले. भीती मात्र अस्सल इथली होती. धर्माच्या नावावर रक्त मागणारी सत्ता ही परदेशातून आणावी लागत नाही.

मंगळवार पेठ

प्रभात गेल्यावर कोल्हापूर रिकामं राहिलं नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयानं १९३३ मध्ये कोल्हापूर सिनेटोन निघाली. पुढं दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे आल्यावर मंगळवार पेठेतल्या या जागेचं नाव जयप्रभा स्टुडिओ झालं. इथं दरबार भरले, गडांचे दरवाजे उघडले, पाटलांचे वाडे उभे राहिले आणि चित्रीकरण संपताच सुतारांनी त्याच फळ्या, तेच बांबू सोडवून पुढच्या नगरीला लावले.

या इतिहासाला आगीचा शाप आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला, त्यापायी कर्जाचं ओझं वाहिलं. १९५९ साली स्टुडिओ लता मंगेशकरांनी घेतला, तरी भालजी तिथंच काम करत राहिले. त्यांचा ‘साधी माणसं’ हा चित्रपट १९६५ चा. तिकडं बाबूरावांच्या कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. ज्या रंगमंचावर पडद्यांची ही परंपरा नांदली, ते १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्म झालं.

काही वर्षांपूर्वी जयप्रभाच्या विक्रीची बातमी आली तेव्हा चित्रपटातली माणसं आणि पेठेतले रहिवासी रस्त्यावर उतरले, उपोषणाला बसले. जिथं एकही खरी नगरी नव्हती, अशा जागेसाठी माणसं उपाशी बसली. कल्पित नगरीची किंमत याहून वेगळी काय सांगायची? तिच्या मागच्या बाजूला नुसते बांबू असतात हे पेठेतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं आणि तरीही ती त्यांची होती.

किल्ला आणि टेबल

आता त्या अमेरिकी टेबलाकडे परत जाऊ. १९७१ च्या सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नेसन छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून लढायांचे खेळ खेळत असे. त्यानं टेबलावर किल्ल्याची एक तयार प्रतिकृती ठेवली आणि मित्रांना सांगितलं की आज सैन्य हलवायचं नाही, एकेकानं एकेक माणूस व्हायचं आणि या किल्ल्याखालच्या भुयारांत उतरायचं. त्याच्या ‘ब्लॅकमूर’ या दुनियेतून आणि गॅरी गायगॅक्सच्या ‘चेनमेल’ या नियमावलीतून १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ जन्मला.

दिवाळीत किल्ला केलेल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. दगड-विटांची रास, तिच्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप. उतारावर मोहरी पेरायची, म्हणजे चार दिवसांत रान उगवतं. मग तटबंदी, बुरूज, पायऱ्या, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, वाटेवर मातीचे मावळे. खाली एक गुहा ठेवायचीच आणि तिच्या तोंडाशी वाघ. मग पोरं त्या किल्ल्याच्या कथा सांगतात, कोण कुठल्या चोरवाटेनं चढला, दरवाजा कुणी उघडला. आपण फासे आणले नाहीत, नियम लिहिले नाहीत, एवढाच फरक. भूमिका घेणं, भूगोल हातानं घडवणं आणि एकमेकांच्या बोलण्यातून गोष्ट पुढं नेणं, हे सगळं अंगणात होतं.

नियमांच्या जोडीला गॉथिक वातावरण आणलं ते ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्यानं. त्यांचा ‘रेव्हनलॉफ्ट’ १९८३ साली आला. धुक्यानं वेढलेलं बारोव्हिया गाव, डोंगरावरचा वाडा, स्वतःच्या भावाचा खून करून शापित झालेला स्ट्राड. डेव्हिड सदरलँडनं या वाड्याचे नकाशे तिरक्या कोनातून काढले, म्हणजे एका कागदावर मजल्यांची उंची, जिने, तळघरं एकदम कळतात. पडदा रंगवणाऱ्या मेस्त्रींनी हा नकाशा पाहिला असता, तर त्यातलं कसब त्यांनी तत्काळ ओळखलं असतं. १९९० साली या एका वाड्याची पुरी दुनिया झाली. त्यातलं प्रत्येक राज्य म्हणजे त्याच्या राजाची, त्याच्याच पापानं बांधलेली कोठडी. इल अलुक त्याच दुनियेतली.

मराठी मातीतली ही धार अलीकडे पुन्हा दिसली. नारायण धारपांच्या भयकथेची प्रेरणा आणि श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधून घेतलेलं नाव, यांतून राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली हिंदीत आला. कधीही न थांबणारा पाऊस, पडका वाडा आणि पिढ्यांना खाणारी हाव. तुंबाड हे खरं गाव कोकणात आहे, पडद्यावरचं तुंबाड मात्र मोचनगडाच्या जातीचं, खऱ्या भूगोलात पेरलेलं नसलेलं ठिकाण.

या घराण्यात एक नियम सगळीकडे सारखा दिसतो. नगरी बनवणारा फक्त दर्शनी भाग बनवतो आणि मागचा भाग समोरचा माणूस भरून काढतो. आटपाट नगरात ऐकणारा भरतो, पडद्यासमोर प्रेक्षक भरतो, टेबलाशी खेळणारा भरतो. कहाणीपासून सुरू झालेला प्रवास खेळात पुन्हा बोलण्यावर आला आहे. मध्ये चित्रकार, सुतार, रंगारी आणि छायालेखक यांच्या शंभर वर्षांच्या कामानं आपल्याला नगरी पाहायला शिकवलं आहे.

म्हणून मराठीत रोल-प्लेइंग गेम लिहायचा असेल, तर ट्रान्सिल्व्हेनियाचं धुकं उसनं आणू नका. तळतळाट लागलेला वाडा घ्या, राक्षसानं खाल्लेली नगरी घ्या, रक्त मागणारा राजगुरू घ्या, परीक्षेसाठी माया रचणारा गुरू घ्या. आणि लिहिण्याआधी पेठेतल्या म्हाताऱ्या सुतारांकडे, रंगाऱ्यांकडे, सेटवर काम केलेल्या माणसांकडे जाऊन बसा. दरबाराचा खांब पोकळ कसा करायचे, दगडी भिंत कशानं रंगवायचे, एका रात्रीत वेस कशी उभी राहायची, हे ज्ञान पुस्तकांत फारसं नाही, त्यांच्या हातांत आहे. चित्रपट जळाले, थिएटर जळालं. या माणसांच्या आठवणी टिपून त्यावर नवी नगरी रचली, तर ते घराणं पुढच्या पिढीच्या हातात जाईल आणि ते काम आपल्याच पिढीनं करायला हवं.